आमचं मत कुणाच्या झोळीत?



गोष्ट आमच्या मंगळवारच्या बैठकीतली आहे. बालवाडीच्या खोलीत वीस-बावीस जणी जमल्या होत्या. बचत गटाचे हप्ते गोळा करून झाले, रेशनच्या खडेवाल्या तांदळाबद्दल तावातावाने बोलून झालं आणि मग विषय निघाला निवडणुकीचा. मतदान आठ दिवसांवर आलं होतं. ज्याच्या दारात आम्ही पाच वर्षं पाण्यासाठी हंडे घेऊन बसलो, तोच उमेदवार पुन्हा उभा होता. वाटलं, या वेळी बाया त्याला चांगलाच जाब विचारणार. तेवढ्यात गटातल्या सर्वांत जुन्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्याचं आता काय बोलायचं, ताई? महाराजांचा निरोप आलाय. त्यालाच द्यायचं."

खोली गप्प झाली. मी विचारलं, "पाणी येतं का, असं महाराजांनी तुम्हाला विचारलं का?" त्यावर मावशी हसल्याच. "महाराज विचारतात होय कधी? महाराज सांगतात."

लोकशाही म्हणजे काय, यावर आम्ही शिबिरांमधून तास तास बोलतो. मावशींनी ते एका वाक्यात उलट्या बाजूने सांगून टाकलं होतं.

याच मावशी दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रावर आल्या होत्या. थोरल्या मुलीला जावई दारू पिऊन मारत होता. एकदा तर त्याने उकळता चहा तिच्या अंगावर ओतला होता. आमच्याकडे येण्याआधी त्या महाराजांच्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या. तिथे सांगितलं गेलं, मुलीला नांदायला पाठवा, तिच्या सासरच्यांना नामाला लावा, सगळं ठीक होईल. सासरची माणसं आधीपासून नामाला लागलेलीच होती! पुढे तक्रार नोंदवायची वेळ आली तेव्हा वॉर्डातला एकही पुढारी आमच्याबरोबर पोलीस चौकीपर्यंत यायला तयार होईना. दोन्ही घरं एकाच गादीची, मग मठातच मिटवा ना, असं जो तो सांगू लागला. चौकीतल्या जमादारांचं म्हणणंही तेच. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली फोटो होता तोही त्याच महाराजांचा.

म्हणून मला असं वाटतं, की निवडणुकीतला निरोप आणि मुलीला नांदायला पाठवण्याचा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. दुसरी गोष्ट ही पहिलीची किंमत आहे. पुढाऱ्याला मतं हवीत, ती महाराज देणार. त्या बदल्यात महाराजांच्या राज्यात पुढारी ढवळाढवळ करणार नाही. आणि महाराजांचं राज्य कुठलं? तर घरातलं. लग्न, काडीमोड, पोटगी, वारसा, बाईने काय नेसावं, कुठे जावं, किती सोसावं. सौदा दोन पुरुषांमधला, आणि मोल मात्र द्यायचं तिसरीने, जी त्या बैठकीला हजरच नव्हती.

हे लिहिताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. हा लेख कुणाच्या श्रद्धेविरुद्ध नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी वारीला जातात, रोजे धरतात, दीक्षाभूमीला जातात, मोतमाउलीला मेणबत्ती लावतात. आपल्याकडच्या संतपरंपरेने तर देव आणि भक्त यांच्या मधला दलालच नाकारला. दळता दळता विठ्ठलाशी भांडणाऱ्या जनाबाईला कुणा मठाधिपतीची चिठ्ठी लागली नव्हती. प्रश्न देवाचा नाही, दलालाचा आहे. हा दलाल जेव्हा देवाबरोबर आपल्या मताचीही दलाली करू लागतो, तेव्हा बायकांच्या चळवळीला त्याच्याशी बोलावंच लागतं.

जरा मागे जाऊ. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार याद्या करताना एक विचित्र अडचण उभी राहिली. उत्तरेकडच्या अनेक भागांत बाया स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की असं चालणार नाही. मत हवं तर बाईचं स्वतःचं नाव यादीत हवं. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायांनी नाव सांगितलं नाही आणि त्यांची नोंद रद्द झाली. त्या वेळी यावरून बरीच टीका झाली. बिचाऱ्या बायकांचं मत गेलं याचं मलाही वाईट वाटतं. पण त्या आग्रहामागचं तत्त्व मात्र मला फार मोलाचं वाटतं. राज्यघटनेपुढे बाई उभी राहते ती कुणाची कुणी म्हणून नाही, स्वतःच्या नावाने. धर्मगुरूंच्या वहीत ती नेहमीच कुणाची तरी असते. बापाची, नवऱ्याची, आणि या सगळ्यांच्या वर जमातीची, समाजाची, पंथाची.

त्याच सुमारास दिल्लीत काय चाललं होतं? हिंदू कोड बिल. मुलीला वारसा, बाईला घटस्फोटाचा हक्क, एकपत्नीत्वाचं बंधन, आंतरजातीय विवाहाला मान्यता अशा गोष्टी त्यात होत्या. कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर ते रेटत होते. विरोधात उभे राहिले साधू, संन्यासी आणि पीठाधीश. स्वामी करपात्रींनी रान उठवलं. शास्त्रांचे हवाले दिले गेले आणि सोबत बाबासाहेबांच्या जातीवरून टोमणेही. डिसेंबर १९४९ मध्ये रामलीला मैदानावर सभा झाली, संसदेवर मोर्चा गेला, नेहरू आणि आंबेडकरांचे पुतळे जाळले गेले. काँग्रेसमधलेच बडे नेते बिलाला अनुकूल नव्हते, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादही नव्हते. निवडणूक तोंडावर आली तसे सत्ताधारी कचरले. चार कलमं मंजूर होऊन बिल बारगळलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. स्त्री-पुरुषांमधली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत बसणं म्हणजे उकिरड्यावर महाल बांधणं, अशा अर्थाचं त्यांनी आपल्या निवेदनात म्हटलं. या देशात एका मंत्र्याने बायकांच्या हक्कासाठी खुर्ची सोडली, हे आपण आपल्या मुलींना पुरेसं सांगत नाही.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. ज्या भीतीने बिल गुंडाळलं, ती भीती खरी होती का? त्याची परीक्षा पुढच्या काही महिन्यांतच झाली. अलाहाबादकडच्या मतदारसंघात नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे एक साधू उभे राहिले. मुद्दा एकच, हिंदू कोड नको. हिंदुत्ववादी पक्ष त्यांच्या पाठीशी होते. महाराज मौनात असत आणि भजनं गात प्रचार होई. नेहरू मोठ्या फरकाने निवडून आले. करपात्रींच्या रामराज्य परिषदेला अख्ख्या लोकसभेत तीन जागा मिळाल्या. म्हणजे ज्या धर्मपीठांच्या धाकाने सरकार मागे हटलं, त्यांच्यामागे एवढी मतं नव्हतीच! नव्या संसदेने १९५५-५६ मध्ये तेच कायदे तुकड्या-तुकड्यांनी मंजूर केले, पण पुष्कळ काटछाट करून. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशभरात २००५ उजाडलं. एका न झालेल्या पराभवाच्या भीतीपायी आमच्या दोन पिढ्यांच्या सातबाऱ्यावरून आमची नावं गायब राहिली.

एकगठ्ठा मतांचं हे असं आहे. गठ्ठा किती मोठा आहे हे कुणी सोडून पाहत नाही. महाराज म्हणतात आमच्याकडे लाखो आहेत, पुढारी मान डोलावतो आणि हिशेब चुकता होतो तो बायकांच्या खात्यातून.

१९८५-८६ साली हेच नाटक पुन्हा झालं, फक्त पात्रं दुसऱ्या धर्माची होती. इंदूरच्या शाहबानो बेगम. वकील नवऱ्याने चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर काढलं. वय साठी उलटलेलं. १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागितली, तर नवऱ्याने तलाक देऊन टाकला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २३ एप्रिल १९८५ ला निकाल शाहबानोंच्या बाजूने लागला. निराधार बायकोला पोटगी, कुठल्याही धर्माची असो, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर 'धर्म धोक्यात' अशी हाकाटी सुरू झाली. १७९ रुपयांनी धोक्यात येणारा धर्म कुठलाच नसतो, धोक्यात येते ती काही लोकांची सत्ता.

सुरुवातीला सरकारने निकालाची बाजू घेतली. आरिफ मोहम्मद खान यांना लोकसभेत तसं बोलायला उभं केलं. मग डिसेंबर १९८५ च्या पोटनिवडणुकांमध्ये फटका बसला, किशनगंजमधून या निकालाचे विरोधक सय्यद शहाबुद्दीन निवडून आले, आणि सरकारची भाषा बदलली. फेब्रुवारी १९८६ मध्ये आरिफ मोहम्मद खान मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि मे महिन्यात नवा कायदा आला. नवऱ्याची जबाबदारी इद्दतच्या काळापुरती, म्हणजे साधारण तीन महिने. पुढे माहेरच्यांनी किंवा वक्फ बोर्डाने बघावं. याच फेब्रुवारीच्या एक तारखेला फैजाबादच्या न्यायालयाच्या हुकमाने बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं गेलं. एका हाताने मौलवींना दिलं, दुसऱ्या हाताने महंतांना, असं तेव्हाच अनेकांनी म्हटलं होतं. त्याची फळं १९९२-९३ मध्ये मुंबईच्या गल्ल्यांमधून कुणी भोगली हे आपल्यातल्या अनेकींनी मदत छावण्यांत काम करताना डोळ्यांनी पाहिलं आहे.

या सगळ्यात शाहबानोंचं काय झालं? नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांच्या अंगठ्याचं निवेदन प्रसिद्ध झालं, की मला हा निकाल नको. सात वर्षं लढलेल्या म्हातारीने स्वतःच जिंकलेला हक्क परत केला. भोवती केवढा दबाव असेल याची कल्पना करण्यासाठी फार बुद्धी लागत नाही. ज्या बाईला सही येत नव्हती तिने न्यायालयात स्वतःच्या नावाने दाद मागितली होती, आणि तिच्या अंगठ्यानेच तिला पुन्हा जमातीच्या वहीत नेऊन बसवलं.

सरकारने सल्ला घेतला तो मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाचा. १९७३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तिला कुणी निवडून दिलं? मुस्लिम बायकांनी? पुरुषांनी तरी? सरकारी संस्था ती नाही, कायद्याने नेमलेली नाही, पण मुसलमानांचं मत म्हणजे या बोर्डाचं मत, हे दिल्लीने परस्पर ठरवून टाकलं. दुसरा आवाज नव्हता असं नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या होत्या, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. शाहबानो निकालानंतर १९८५ मध्ये या मंडळाने कोल्हापूरहून नागपूरपर्यंत तलाक मुक्ती मोर्चा नेला. विरोध अंगावर घेत तलाकपीडित बाया गावोगाव बोलल्या. पण सात बायका म्हणजे सात मतं. बोर्ड म्हणजे गठ्ठा. दिल्लीचा तराजू कुणीकडे झुकणार हे ठरलेलंच.

न्यायालयांनी पुढे हळूहळू वाट काढली. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात, इद्दतच्या काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करणं नवऱ्यावर बंधनकारक आहे असा अर्थ लावला गेला आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खालीही दाद मागता येते असं निःसंदिग्धपणे सांगितलं. शाहबानो १९९२ मध्येच वारल्या.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. तिहेरी तलाक तर गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, आणि त्यामागे शायराबानो आणि इतर बायकांची, भारतीय मुस्लिम महिला आंदोलन, बेबाक कलेक्टिव्ह यांसारख्या संघटनांची लढाई होती. त्याचा आनंद आपण केला, करायलाच हवा. पण २०१९ मध्ये त्यावर जो कायदा आला त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आली. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा साधा प्रश्न याच संघटनांपैकी काहींनी विचारला, तो कुणी ऐकून घेतला नाही. मुस्लिम बहिणींचा कळवळा दाखवणाऱ्या मंडळींना आपल्या घरातल्या परित्यक्तांबद्दल असाच कायदा का सुचला नाही? पूर्वी मौलवींना खूश करण्यासाठी मुस्लिम बाई वापरली, नंतर मौलवींना नमवण्यासाठी. दोन्ही वेळा तिला विचारायचं राहूनच गेलं.

देवराळ्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर आपल्या चळवळीत पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं आहे. ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानातल्या या गावात अठरा वर्षांची रूपकुंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. तेराव्या दिवशी उच्च न्यायालयाची बंदी झुगारून चुनरी सोहळा झाला. पुरीच्या शंकराचार्यांनी सतीप्रथेचं जाहीर समर्थन केलं आणि राजपूत मतांच्या हिशेबाने बहुतेक पुढारी मिठाची गुळणी धरून बसले. कायदा झाला, खटले चालले. सतीचं उदात्तीकरण केल्याच्या खटल्यातले शेवटचे आठ आरोपी ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्दोष सुटले. सदतीस वर्षं!

आणि सिरसाचा डेरा? २००२ मध्ये एका साध्वीने निनावी पत्र लिहिलं, पंतप्रधानांना आणि पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांना. गुरमीत राम रहीमने केलेल्या बलात्काराबद्दल तिने लिहिलं होतं आणि मोठमोठे राजकारणी आपल्या पाया पडतात असं तो धमकावताना सांगतो, हेही लिहिलं होतं. ते पत्र छापणाऱ्या सिरसातल्या पत्रकारावर त्याच वर्षी गोळ्या झाडण्यात आल्या, त्यांचा मृत्यू झाला. सीबीआयच्या न्यायालयाने राम रहीमला दोषी ठरवलं ऑगस्ट २०१७ मध्ये. दोन साध्वींवरच्या बलात्कारासाठी दहा-दहा वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या. निकालाच्या दिवशी पंचकुला आणि आसपास दंगल झाली, तीसहून अधिक माणसं मेली.

पत्र आणि निकाल यांच्यामधल्या पंधरा वर्षांत सगळे पक्ष डेऱ्याच्या दारात जाऊन आले. २००७ मध्ये पंजाबात डेऱ्याने काँग्रेसला पाठिंबा दिला (सरकार मात्र अकाली-भाजपचं आलं, म्हणजे गठ्ठ्याची कथा इथेही तीच), २०१४ मध्ये हरियाणात भाजपला. शिक्षेनंतरही तो बाहेर येत राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंजाबच्या निवडणुकीआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाच्या, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या. सगळं नियमात बसतं, असं सरकार सांगतं. बसत असेलही. पण त्या साध्वींच्या जागी बसून ते वेळापत्रक वाचून पाहा. कोर्टाने त्यांना खऱ्या ठरवल्यावरही निवडणूक आली की त्यांच्या छातीत धडधडत असेल.

इथे एक प्रश्न आपल्याच बैठकीत एका तरुण मुलीने मला विचारला. धर्मगुरू बाई असली तर? उमा भारती आहेत, साध्वी ऋतंभरा आहेत, प्रज्ञासिंह ठाकूर २०१९ मध्ये भोपाळमधून खासदार झाल्या. बायका व्यासपीठावर आल्या, गर्जना केल्या, हजारोंनी ऐकल्या. मग हे स्त्रीचं सबलीकरण नाही का? मला प्रामाणिकपणे वाटतं, की बाईचा आवाज दाबला जातो त्या समाजात बाई माइकवर बोलते याचं आकर्षण बायांना वाटणं साहजिक आहे. पण ती काय बोलते? दुसऱ्या जमातीच्या बाईच्या विरोधात बोलते, आणि आपल्या जमातीतल्या बाईने घरात कसं राहावं हे जुनंच पुन्हा सांगते. भगवं नेसलेल्या बाईने नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध मोर्चा काढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. कुणाच्या असेल तर जरूर कळवा.

आता आपल्या अंगणात येते, कारण पंजाब-राजस्थानवर लिहिणं सोपं असतं. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. पुरस्कार अप्पासाहेब धर्माधिकारींना, पाहुणे केंद्रीय गृहमंत्री, लाखोंचा समुदाय भर उन्हात मोकळ्या मैदानात आणि छत मात्र मंचावर. उष्माघाताने १४ माणसं गेली. मी हे बैठकांना नावं ठेवायला लिहीत नाही. बैठकीमुळे नवऱ्याची दारू सुटली असं सांगणाऱ्या बाया माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. विचारायचं आहे ते सरकारला. पुरस्कार एका माणसाला द्यायचा होता, तो सभागृहात देता आला नसता? लाखोंना उन्हात बसवायचं कारण काय? माझ्या मते कारण एकच, गर्दी दाखवायची होती. उन्हातला समुदाय पाहुण्यांना व्यासपीठावरून दिसायला हवा होता. तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला स्वतःचं नाव होतं, यादीत स्वतंत्र क्रमांक होता. मंचावरून मात्र फक्त डोकी दिसत होती.

तरीही बाया तिथे का जातात, हे आपण कधी नीट विचारलं का? मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सत्संगाला जाते म्हटलं की घरचे अडवत नाहीत. तुमच्या मंगळवारी यायचं तर रात्रीपर्यंत बोलणी." खरं आहे. घराबाहेर पडायचं, चार जणींत बसायचं, कुणीतरी 'माई' म्हणून विचारपूस करायची, मांडीला मांडी लावून जेवायचं. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेचा प्रवास, तोही गुरुपौर्णिमेला. आपल्या संघटनांनी या भुकेकडे अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवलं आणि पुढे निघून गेलो. आमच्या शिबिरांत गाणी असतात, पण म्हाताऱ्या बाईला बसायला खुर्ची नसते. हा दोष आपला आहे, तो महाराजांच्या माथी मारता येणार नाही.

कायद्याच्या बाजूनेही काही गोष्टी वस्तीत सांगता येण्यासारख्या आहेत. राज्यघटनेचं पंचविसावं कलम धर्मस्वातंत्र्य देतं, पण त्याची सुरुवातच अटींनी होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि त्याच भागातले इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन राहून, असं ते म्हणतं. समानतेचा हक्क त्या 'इतरां'मध्ये येतो. धर्मगुरू कलमाचा उत्तरार्ध तेवढा पाठ म्हणतात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३ आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी मतदाराला दैवी कोपाची भीती घातली, वाळीत टाकण्याची, जातीबाहेर काढण्याची धमकी दिली, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा बायांना मोठी गंमत वाटली. कायदा करणाऱ्यांना महाराज ठाऊक होते तर!

वाळीत टाकण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरू सय्यदना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये तो कायदा रद्द ठरला. धर्मगुरूचा बहिष्काराचा अधिकार धर्मस्वातंत्र्यात मोडतो, असं चार न्यायमूर्तींचं मत पडलं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. सुधारक बोहऱ्यांना मयतीलाही माणूस मिळेना, बहिणी भावांकडे जाऊ शकेनात. पुढे जातपंचायतींच्या विरोधात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जी चिकाटीची मोहीम चालवली त्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आला. तोवर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन गेला होता. कायदा कागदावर आहे, तक्रार करायला बाई पुढे येते का, यावर तो जिवंत राहील की नाही हे ठरेल.

त्या निवडणुकीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मतदानाच्या आधीच्या रविवारी आम्ही बालवाडीत एक खोटं मतदान केंद्र उभं केलं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर वाटी, चमचा, खराटा अशी चित्रं, आणि मध्ये पडदा म्हणून मावशींचंच जुनं लुगडं. एकेकीने आत जाऊन बोट लावायचं. मावशी बराच वेळ बाहेरच थांबल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ताई, पडद्याच्या आत महाराजांना दिसतं का गं?"

मी म्हटलं, "सरकारला दिसत नाही, नवऱ्याला दिसत नाही. महाराजांचं तुम्ही ठरवा."

मतदानानंतरच्या मंगळवारी मावशी हप्ता घेऊन आल्या. कुणाला दिलं, असं दोघी-तिघींनी विचारलं. त्यांनी पिशवीतून पैसे काढून मोजले, वहीत नाव लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ते नाही सांगायचं. तुम्हालासुद्धा नाही." तो उमेदवार निवडून आला. पाणी अजून एक दिवसाआड येतं.

पुढच्या निवडणुकीसाठी आम्ही वस्तीतल्या बायांनी मिळून उमेदवारांना विचारायचे प्रश्न काढायला घेतले आहेत. पाणी, रेशन, मुतारी, रात्रीचे दिवे हे आहेतच. त्यात एक नवा प्रश्न मावशींच्या मुलीने घातला आहे. बाई मार खाऊन तक्रार करायला निघाली, तर तुम्ही तिच्याबरोबर चौकीत याल की मठात पाठवाल? तुमच्या गावात, तुमच्या गटात असे निरोप येतात का, कुणाकडून येतात, बाया त्याचं काय करतात, हे आम्हाला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहून घ्या, पण खाली नाव मात्र स्वतःचं घाला.